पॅलियमची किंमत : माइन्ट्सचा आर्चबिशप डीटर फॉन इझेनबुर्ग

पॅलियम म्हणजे पांढऱ्या लोकरीची, काळे क्रूस असलेली एक अरुंद पट्टी. आर्चबिशप ती खांद्यांभोवती घेतो. एक टोक छातीवर, एक पाठीवर. ती रोमहून येईपर्यंत नव्या आर्चबिशपला आपले पूर्ण अधिकार वापरता येत नसत. कापड म्हणून तिची किंमत चार-दोन नाणी. पण 1459 साली जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या माइन्ट्सच्या पीठावर, म्हणजे आर्चबिशपच्या गादीवर, निवडून आलेल्या डीटर फॉन इझेनबुर्गसाठी ही पट्टी, मान्यतेचं फर्मान आणि त्यामागची देणी मिळून आकडा 20,000 गुल्डन या सोन्याच्या नाण्यांच्या वर गेला. डीटरने तो फेडायला नकार दिला. दोन वर्षांत त्याची गादी गेली, तिसऱ्या वर्षी ऱ्हाइनकाठी युद्ध भडकलं आणि माइन्ट्स शहराचं दोनशे वर्षांचं स्वातंत्र्य एका रात्रीत संपलं. त्यानंतर तेरा वर्षांनी हाच डीटर त्याच गादीवर पुन्हा निवडून आला आणि आर्चबिशप म्हणूनच मेला.

या प्रकरणाकडे बहुतेक वेळा रोमविरुद्ध बंड करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या आधीची रंगीत तालीम म्हणून पाहिलं जातं: एक ताठ जर्मन धर्मगुरू, एक पैशाला हपापलेलं रोम. तसं पाहण्यात अगदीच चूक नाही, पण कागद त्या क्रमाने बोलत नाहीत. डीटरची तक्रार रास्त होती. ती त्याने मांडली मात्र भलत्या टप्प्यावर, कर्जाच्या रोख्यावर सही झाल्यानंतर. पुढचं सगळं त्या एका गोष्टीतून उलगडत जातं.

गादी कसली होती

माइन्ट्सचा आर्चबिशप हा नुसता धर्मगुरू नव्हता. जर्मन साम्राज्याचा सम्राट निवडणाऱ्या सात इलेक्टरांपैकी तो एक, साम्राज्याचा मुख्य कुलपती, आणि 12 धर्मप्रांत हाताखाली असलेला प्रमुख. वॉर्म्स, श्पायर, वुर्झबुर्ग, आउग्सबुर्ग, कॉन्स्टन्स ही सगळी त्याच्या कक्षेत. त्याशिवाय तो राजासारखा जमीनधनी: माइन्ट्सभोवतीचा ऱ्हाइनगाउ, माइन नदीवरचं आशाफेनबुर्ग, थुरिंगियातलं एर्फुर्ट आणि आइक्सफेल्ड, बेर्गश्ट्रासेचा सुपीक पट्टा. मुलूख असा ठिगळाठिगळांचा होता, आणि ठिगळांमधल्या मोकळ्या जागेत हेसेचे लांडग्राफ (तिथले सत्ताधीश) आणि पॅलेटिनेटचा इलेक्टर बसलेले. दर आर्चबिशपला या दोघांपैकी एकाशी तरी जुळवून घ्यावंच लागे.

या गादीवर बसायला तीन पायऱ्या होत्या. पहिली, कॅथिड्रलच्या चॅप्टरने केलेली निवड. चॅप्टर म्हणजे 24 मतदार कॅननचं, म्हणजे कॅथिड्रलच्या मानकरी पाद्र्यांचं मंडळ. सगळे सरदार घराण्यांतले, कारण आई-बापाकडच्या पिढ्या कुलीन असल्याचा पुरावा दिल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. दुसरी, पोपची मान्यता आणि पॅलियम. तिसरी, सम्राटाकडून मुलकी सत्तेचं बहाल होणं. पहिली पायरी चॅप्टरला वचनं देऊन चढायची, दुसरी रोमला पैसे देऊन, तिसरी सम्राटाची मर्जी राखून. उलट्या क्रमाने काहीच होत नसे, आणि मधली पायरी सर्वांत महाग.

डीटरचा जन्म 1412 च्या सुमाराचा, इझेनबुर्ग-ब्युडिंगनच्या काउंट घराण्यात. धाकट्या मुलांची ठरलेली वाट त्याच्याही वाट्याला आली: एर्फुर्टला विद्यापीठ, मग एकापाठोपाठ एक चर्चच्या वृत्ती, म्हणजे उत्पन्न बांधून दिलेली पदं. 1434 मध्ये तो एर्फुर्टचा रेक्टर झाला. उच्चकुळातल्या विद्यार्थ्याला हे मानाचं पद देण्याची तिथे रीत होती, त्यामुळे त्यावरून विद्वत्ता मोजू नये. माइन्ट्स, ट्रिअर, कोलोन इथे तो कॅनन होता. 1456 मध्ये ट्रिअरची गादी मिळवायचा प्रयत्न फसला. ती बाडेनच्या योहानला गेली. बाडेन हे नाव लक्षात ठेवावं, सहा वर्षांनी ते रणांगणात परत येतं.

18 जून 1459

आर्चबिशप डीट्रिश शेंक फॉन एर्बाख मे 1459 मध्ये वारला. उमेदवार दोन: डीटर आणि आडोल्फ फॉन नासाऊ. आडोल्फच्या घराण्याने माइन्ट्सला याआधीही आर्चबिशप दिले होते. चॅप्टरने मतदान सात जणांच्या समितीवर सोपवलं आणि डीटर चार विरुद्ध तीन मतांनी निवडून आला. लाच दिल्याची कुजबूज लगेच सुरू झाली. एका मताचं मताधिक्य असलं की ती होतेच. पण इथे तिचा परिणाम असा की हरलेला आडोल्फ चॅप्टरमध्येच बसून राहिला, आणि निम्मं चॅप्टर त्याचं.

निवडीआधी उमेदवारांकडून अटींचा कागद लिहून घेण्याची पद्धत होती. डीटरकडून घेतलेल्या वचनांत एक वचन पॅलेटिनेटचा इलेक्टर फ्रीडरिश याच्याविरुद्धच्या आघाडीत सामील होण्याचं होतं. म्हणजे गादीवर बसायच्या आधीच शेजाऱ्याशी लढाई पदरात.

त्याच सुमारास पोप पायस दुसरा मान्तुआत सभा भरवून बसला होता. कॉन्स्टँटिनोपल पडून सहा वर्षं झाली होती. तुर्कांविरुद्ध मोहीम काढायची, तिच्यासाठी पैसा उभा करायचा. पाद्र्यांकडून उत्पन्नाचा दहावा भाग, सामान्य जनांकडून तिसावा, ज्यूंकडून विसावा, असा त्याचा हिशेब. नवा आर्चबिशप स्वतः मान्तुआला यावा अशी पोपची इच्छा. डीटर गेला नाही, वकील पाठवले. राजकारणात अनुपस्थितीची किंमत वेगळी मोजावी लागते. समोर बसून घासाघीस करायची ती वकिलांवर सोडली गेली, आणि वकिलांना फर्मान घेतल्याशिवाय परत जायची सोय नव्हती.

पायस स्वतः या विषयात कच्चा नव्हता. पोप होण्याआधी तो एनेया सिल्व्हियो पिकोलोमिनी म्हणून बासेलला भरलेल्या चर्चच्या महासभेचा लेखनिक होता, नंतर सम्राटाच्या कचेरीत राहिला. 1457 मध्ये माइन्ट्सच्याच आधीच्या आर्चबिशपचा कुलपती मार्टिन माइर याने त्याला पत्र लिहून ‘रोम जर्मनीला पिळून काढतं’ अशी तक्रार केली होती, आणि पिकोलोमिनीने त्याला पुस्तकाएवढं उत्तर लिहिलं होतं. डीटर जे मुद्दे मांडणार होता, ते सगळे त्याने आधीच वाचून खोडून काढलेले होते.

रकमेचा हिशेब

नव्या धर्मगुरूने रोमला भरायच्या या देण्यांना बोलताना सगळे ‘अनाटे’ म्हणत, पण मोठ्या पीठांच्या बाबतीत ही देणी अनेक पदरी होती. मुख्य रक्कम पीठाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांश धरलेली. ती एकदा पोपच्या खजिन्याच्या वहीत चढली की बदलत नसे. तिचे दोन समान भाग: अर्धा पोपच्या खजिन्याला, अर्धा कार्डिनलांना. त्याखाली नोकरवर्गाची छोटी देणी. मग फर्मान लिहिणारे, नक्कल करणारे, शिक्का मारणारे, नोंद घेणारे, प्रत्येकाचा दर वेगळा. मग पॅलियमचा खर्च. आणि वकिलांचा महिनोन्‌महिने मुक्काम. मराठी वाचकाला पेशवाईतली नजर आठवेल: वारसाला सरंजाम चालू ठेवण्याची सनद मिळायची, पण आधी नजर, आणि नजरेखाली दरबारखर्च.

माइन्ट्ससाठी वहीतला आकडा 10,000 होता. डीटरच्या माथी आलेला आकडा 20,000 च्या वर. दुप्पट, असं तो म्हणत राहिला आणि त्याच्या बाजूचे सगळे तेच म्हणत राहिले.

इथे जरा नाण्यांकडे पाहिलं पाहिजे, कारण हा भाग बरेचदा सुटतो. वहीतला आकडा खजिन्याच्या सोन्याच्या फ्लोरिनमध्ये असे, आणि तो फ्लोरिन जवळपास शुद्ध सोन्याचा, सुमारे साडेतीन ग्रॅमचा. ऱ्हाइन प्रदेशात चालणारा गुल्डन त्या काळी 19 कॅरटचा. त्यातलं शुद्ध सोनं भरतं पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 10,000 फ्लोरिन म्हणजे ऱ्हाइनचे अंदाजे 12,500 ते 13,000 गुल्डन. तेव्हा ‘दुप्पट’ हा शब्द थोडा फुगवलेला आहे. फरकातले अडीच-तीन हजार नाण्याच्या भावातून येतात. पण उरलेल्या सात हजारांचं समर्थन वहीतून निघत नाही. डीटरची तक्रार खरी होती ती या सात हजारांपुरती.

कायद्याच्या बाजूनेही त्याच्याकडे मुद्दा होता. 1435 मध्ये बासेलच्या महासभेने ही देणी रद्द केली होती आणि 1439 मध्ये माइन्ट्समध्येच जर्मन राजांनी तो ठराव मान्य केला होता. मात्र 1448 च्या व्हिएन्ना करारात सम्राटाने ती परत आणली: वहीतल्या दराने, आणि दोन हप्त्यांत, अर्धी रक्कम ताबा मिळाल्यापासून वर्षाच्या आत आणि अर्धी पुढच्या वर्षी. म्हणजे ‘देणंच बेकायदा’ हा युक्तिवाद 1459 मध्ये टिकणारा नव्हता. ‘वहीपेक्षा जास्त का’ आणि ‘एकदम का’ हे दोन युक्तिवाद टिकले असते. डीटरने हळूहळू ‘देणंच बेकायदा’ हाच उचलला.

आता रोखा. वकिलांकडे एवढी रोकड नव्हती, कुणाकडेच नसे. अशा वेळी रोममधले सराफ खजिन्याला पैसे मोजत आणि वकील धन्याच्या वतीने त्यांना रोखा लिहून देत. रोख्यात मुदत असे, आणि मुदत चुकली तर पोपच्या खजिन्याच्या न्यायाधिकाऱ्यासमोर हजर राहण्याची व धर्मबहिष्काराची शिक्षा पत्करण्याची कबुली असे. पैसे मोजले गेले की कुरियाचं, म्हणजे पोपच्या दरबाराचं देणं फिटलं; आता आर्चबिशप देणेकरी झाला तो सराफांचा. ही खोच फार महत्त्वाची आहे. फर्मान हाती येण्याआधी नकार दिला असता तर तो पोपशी वाद ठरला असता, आणि चॅप्टर, शेजारी, सम्राट यांच्यापैकी कुणी मध्ये पडलं असतं. फर्मान घेऊन, पदाचा उपभोग सुरू करून, मग हात वर केले, तेव्हा तो थकबाकीचा साधा दावा झाला. मुदत उलटली, निकाल लागला, आणि साम्राज्याचा पहिला धर्मगुरू कर्ज बुडवल्याबद्दल बहिष्कृत ठरला. रोमला त्यासाठी कुठल्याही तत्त्वाची चर्चा करावी लागली नाही.

एकाच वेळी दोन आघाड्या

दरम्यान चॅप्टरला दिलेलं वचन उभं राहिलंच होतं. 4 जुलै 1460 रोजी वॉर्म्सजवळ पफेडर्सहाइमला डीटर आणि त्याचे मित्र पॅलेटिनेटच्या फ्रीडरिशसमोर उभे राहिले आणि सपाटून हरले. दोन आठवड्यांत तह झाला. हायडेलबर्गजवळचा शाउएनबुर्गचा किल्ला माइन्ट्सच्या हातून गेला. पण त्या तहात डीटरने एक चलाख गोष्ट केली: ज्याने हरवलं त्याच्याशीच दोस्ती जोडली. फ्रीडरिशचं सम्राटाशी वाकडं होतं, डीटरचं पोपशी. दोघांना एकमेकांची गरज.

मात्र या उडीने चॅप्टरमधला उरलासुरला विश्वास गेला. ज्या अटीवर मतं मिळाली तीच अट उलटली होती. आडोल्फला आता फक्त वाट पाहायची होती.

फेब्रुवारी-मार्च 1461 मध्ये न्युर्नबर्गला राजेरजवाड्यांची सभा भरली. डीटरचा सल्लागार होता ग्रेगोर हाइमबुर्ग, त्या काळचा सर्वांत धारदार जिभेचा वकील; टिरोलच्या ड्यूकची बाजू घेतल्याबद्दल पायसने त्याला आधीच बहिष्कृत केलेलं. इथे डीटरने जाहीर केलं की तो पोपच्या निर्णयाविरुद्ध भावी महासभेकडे दाद मागणार. पॅलेटिनेट आणि ब्रांडेनबुर्ग या दोन इलेक्टरांचा पाठिंबा मिळाला.

हा डाव वरून जोरदार दिसतो, आतून पोकळ होता. पोपविरुद्ध महासभेकडे अपील करणं हाच गुन्हा, असं फर्मान पायसने 18 जानेवारी 1460 ला मान्तुआतच काढलं होतं. अपिलामुळे बहिष्कार स्थगित होण्याऐवजी डीटरच्या खात्यावर दुसरा, मोठा गुन्हा चढला. पहिला थकबाकीचा, तो पैसे भरून मिटला असता. दुसरा सत्तेला आव्हान देण्याचा, तो मिटवायला पदच द्यावं लागणार होतं.

आणि पायसने उत्तर दिलं ते गर्जना करून नव्हे. त्याने रुडॉल्फ फॉन रूडेसहाइम हा ऱ्हाइनकाठचाच कायदेपंडित आणि टोलेडोचा फ्रान्सिस्को असे दोन दूत पाठवले. जून 1461 मध्ये माइन्ट्सला पुन्हा सभा भरली तेव्हा दूतांनी सांगितलं की जर्मन राजांच्या संमतीशिवाय तुर्कमोहिमेचा दशांश वसूल होणार नाही. एवढ्या एका वाक्याने आघाडी विरघळली. बाकीच्यांना डीटरच्या पॅलियमशी देणंघेणं नव्हतं. त्यांना आपल्या प्रजेवर बसणाऱ्या करपट्टीची काळजी होती, ती मिटली. डीटर एकटा उरला, त्याच्या स्वतःच्या रोख्यासकट. या प्रकरणात सर्वांत कसबी चाल कुठली असं विचाराल तर हीच.

बदली

21 ऑगस्ट 1461 ला पायसने तिवोलीहून डीटरला पदच्युत करून आडोल्फची नेमणूक केली. चॅप्टरची नवी निवड नाही, जर्मनीत सुनावणी नाही. फर्मानं गुपचूप आणली गेली आणि शरद ऋतूत माइन्ट्सच्या चॅप्टरसमोर आली, तोवर आडोल्फची सगळी बांधणी झालेली. दोन वर्षांपूर्वी तीन मतांवर हरलेल्या माणसाच्या मागे आता चॅप्टरचा मोठा भाग होता. सम्राट फ्रीडरिश तिसऱ्याचा कौल तर आधीच त्याच्या पारड्यात पडला होता.

हा वाद छापखान्यात लढला गेलेला पहिला मोठा राजकीय वाद. शहरात फुस्ट आणि श्योफर यांचा छापखाना होता. त्यांनी पोपची फर्मानं, सम्राटाचं पत्र आणि आडोल्फची बाजू छापली, आणि 1462 च्या वसंतात डीटरचं जाहीर निवेदनही छापलं. एकाच छापखान्यातून दोन्ही पक्षांचे कागद बाहेर पडत होते. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

मित्रांचे दर

इथून पुढे प्रत्येक पाठीराख्याची किंमत मुलखात मोजली गेली. 19 नोव्हेंबर 1461 ला वाइनहाइमच्या करारात डीटरने पॅलेटिनेटच्या फ्रीडरिशला बेर्गश्ट्रासेचा पट्टा गहाण दिला: श्टार्केनबुर्गचा किल्ला, हेप्पेनहाइम, बेन्सहाइम आणि आजूबाजूची गावं. गहाण रक्कम 100,000 गुल्डन. ज्या वाढीव देण्यावरून घोडं अडलं होतं त्याच्या दसपटीने मोठी ही रक्कम. माइन्ट्स शहरालाही बाजूला ओढायचं होतं. शहर कर्जात बुडालेलं आणि पाद्र्यांच्या करमाफीवर चिडलेलं. 2 डिसेंबर 1461 च्या सनदेने डीटरने पाद्र्यांच्या सवलतींना कात्री लावणाऱ्या मागण्या मान्य केल्या. शहर त्याच्यामागे उभं राहिलं, आणि चॅप्टर कायमचं तुटलं.

आडोल्फही हात आखडून नव्हता. हेसेत दोन भाऊ दोन बाजूंना होते: मारबुर्गचा हाइनरिश डीटरकडे, कासेलचा लुडविग आडोल्फकडे. लुडविगला होफगाइसमार गहाण मिळालं. वुर्टेम्बेर्गच्या उलरिशच्या मुलाला पुढे आर्चबिशपचा सहायक नेमण्यात आलं. म्हणजे एकाच संस्थानाच्या नावावर दोन धनी, दोघेही त्याच मालमत्तेचे तुकडे गहाण टाकत. कुणीही जिंको, फेडायचं संस्थानाने.

30 जून 1462. आडोल्फच्या बाजूचे बाडेनचा मार्कग्राफ कार्ल, त्याचा भाऊ मेट्झचा बिशप गेओर्ग आणि वुर्टेम्बेर्गचा उलरिश पॅलेटिनेटमध्ये पिकं जाळत फिरत होते. फ्रीडरिश दूर आहे असा त्यांचा समज. झेकेनहाइमजवळ तो समोर उभा ठाकला आणि तिघेही जिवंत पकडले गेले. खंडणी ठरली कार्लसाठी 100,000 गुल्डन, उलरिशसाठी 100,000, बिशपसाठी 45,000. हायडेलबर्गच्या किल्ल्यात कैद्यांना मेजवानी दिली पण ताटात भाकरी नव्हती, शेतं जाळणाऱ्यांना भाकरी कशी मिळणार, अशी आख्यायिका पुढे चारशे वर्षं चालली. आख्यायिकाच ती, खंडणीच्या आकड्यांनी जी इजा केली ती भाकरीवाचून झाली नसती.

रणांगणावर डीटरची बाजू जिंकली होती. चार महिन्यांनी राजधानी गेली.

28 ऑक्टोबरची पहाट

माइन्ट्सच्या तटाला नैर्ऋत्येकडे गाउटोर नावाचा दरवाजा होता, शहराच्या उंच अंगाला. 28 ऑक्टोबर 1462 च्या पहाटे आडोल्फचे सुमारे 500 लोक तिथे शिड्या लावून चढले. आतून मदत होती. शहरातले काही जण फितूर झाले होते, यावर त्या काळच्या आणि नंतरच्या बहुतेकांचं एकमत आहे. डीटर तेव्हा शहरातच होता. तो तटावरून उतरून ऱ्हाइनपार निसटला. नागरिक मात्र गल्लीगल्लीत दिवसभर लढले. मेले सुमारे 400, आगीत दीडशेच्या आसपास घरं गेली.

दोन दिवसांनी, 30 ऑक्टोबरला, उरलेल्या पुरुषांना डीटमार्क्ट चौकात बोलावण्यात आलं. निष्ठेची शपथ घ्यायची आहे अशी लोकांची समजूत. सुमारे 800 जण आले. चौकाभोवती शस्त्रधारी उभे होते. सैनिकांच्या दोन रांगांमधून त्या सगळ्यांना शहराबाहेर हाकलण्यात आलं. घरं, दुकानं, माल मागे राहिला. 1244 मध्ये आर्चबिशप सिगफ्रीड तिसऱ्याने दिलेली स्वातंत्र्याची सनद आडोल्फने काढून घेतली. गिल्डांचं, म्हणजे कारागिरांच्या संघांचं राज्य संपलं आणि माइन्ट्स हे आर्चबिशपच्या हुकमातलं गाव झालं.

हाकलल्या गेलेल्यांत छपाईचे कारागीरही होते आणि ते दूरच्या शहरांत पांगले. मुद्रणकला पसरण्याचं श्रेय या रात्रीला देतात ते थोडं जास्त आहे, कारण श्ट्रासबुर्ग आणि बांबेर्गमध्ये छपाई आधीच सुरू होती. योहान गुटेनबेर्गचं नाव मात्र या प्रकरणात एकदा ठळकपणे येतं. 17 जानेवारी 1465 ला आडोल्फने त्याला दरबारी मानकरी केलं: दर वर्षी दरबारी पोशाख, 20 माल्टर धान्य, 2 फूडर दारू, आणि चाकरी व करांतून सूट. धान्य साधारण 2,200 लिटर आणि दारू 2,000 लिटर भरते. एका घराला पुरून उरेल इतकी बेगमी.

तडजोड

शहर गेलं तरी डीटर संपला नव्हता. किल्ले त्याच्याकडे होते, फ्रीडरिश त्याच्याकडे होता. निकाल लागला तो कोलोनमुळे. तिथला आर्चबिशप फेब्रुवारी 1463 मध्ये वारला आणि 30 मार्चला फ्रीडरिशचा भाऊ रुप्रेश्ट त्या जागी निवडून आला. आता रुप्रेश्टला पोपची मान्यता हवी होती. पोपने काढलेल्या आर्चबिशपच्या बाजूने लढत राहून सख्ख्या भावाला पोपकडून गादी कशी मिळणार? फ्रीडरिशने लढाईतून अंग काढलं, बेर्गश्ट्रासे मात्र स्वतःकडे ठेवून.

ऑक्टोबर 1463 मध्ये त्साइल्सहाइमला तह झाला. डीटरने आडोल्फला आर्चबिशप मानलं. बदल्यात त्याला हयातभरासाठी हेख्स्ट, श्टाइनहाइम आणि डीबुर्ग ही ठाणी त्यांच्या उत्पन्नासह मिळाली, आणि बहिष्कार उठला. महिनाअखेर फ्रँकफुर्टमध्ये त्याने विधिपूर्वक पद सोडलं. या तीन ठाण्यांवर तो पुढची बारा वर्षं राहिला. हरलेल्या धर्मगुरूला मठात कोंडण्याऐवजी छोटं संस्थान देणं, ही आडोल्फची उदारता नव्हे. दोघांचीही तिजोरी रिकामी होती आणि आणखी एक वेढा कुणालाच परवडणारा नव्हता.

दुसरा डाव

आडोल्फ 6 सप्टेंबर 1475 ला एल्टव्हिलेत वारला. मरताना त्यानेच उत्तराधिकारी म्हणून डीटरचं नाव सुचवल्याचं सांगतात. 9 नोव्हेंबरला चॅप्टरने डीटरला निवडलं. साठी ओलांडलेला, वारसदारांचं लटांबर नसलेला, आणि हेख्स्ट-श्टाइनहाइम-डीबुर्ग परत संस्थानात आणणारा उमेदवार. चॅप्टरच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा मोठा असावा: त्याला निवडलं की तीन ठाणी आपोआप परत. अटींचा कागद याही वेळी होता, आणि त्यात माइन्ट्स शहर पुन्हा मोकळं न करण्याची हमी होती. पोप आता सिक्स्टस चौथा. मान्यता मिळाली.

या वेळचा डीटर सावध आहे. 1461 मध्ये ज्या नागरिकांना सनद दिली, त्यांनी 1476 मध्ये डोकं वर काढलं तेव्हा त्यानेच ते दाबलं, आणि शहराच्या कडेला, ऱ्हाइनला लागून मार्टिन्सबुर्ग हा किल्ला बांधायला घेतला. किल्ल्याचं तोंड नदीइतकंच शहराकडेही होतं. त्याच वर्षी टाउबर खोऱ्यातल्या निक्लासहाउझेनला हान्स ब्योम नावाच्या गुराख्याने पाद्र्यांविरुद्ध प्रवचनं देऊन हजारोंचे मेळावे जमवले. गाव माइन्ट्सच्या धर्मप्रांतात येत होतं. ब्योमला वुर्झबुर्गच्या बिशपने पकडून 19 जुलै 1476 ला जाळलं. यात्रा तरीही थांबेना तेव्हा डीटरने तिथलं चर्चच पाडायला लावलं. 1479 मध्ये योहान फॉन वेसेल या प्रवचनकारावर माइन्ट्समध्ये पाखंडाचा खटला चालला. त्याच्यावरच्या आरोपांत पापक्षमापत्रांवरची, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या चर्चच्या पत्रांवरची टीका होती. त्याने माघार घेतली, पुस्तकं जाळली गेली, आणि तो मठात कैदेत मेला. पोपच्या सत्तेविरुद्ध एकदा महासभेकडे दाद मागणाऱ्या माणसाच्या दरबारात हा खटला चालला, हे नोंदवून पुढे जाऊ.

टिकाऊ काम एकच. 1476 च्या नोव्हेंबरात सिक्स्टसकडून परवानगी आणून त्याने ऑक्टोबर 1477 मध्ये माइन्ट्सला विद्यापीठ सुरू केलं. प्राध्यापकांचे पगार कुठून काढायचे, तर प्रांतातल्या चर्चमंडळांच्या काही वृत्ती त्यासाठी बांधून घेतल्या. नवा पैसा नाही, नवं कर्ज नाही. आधीच चालू असलेलं उत्पन्न दुसरीकडे वळवलेलं. पहिल्या डावात हा हिशेबीपणा दिसत नाही.

डीटर 7 मे 1482 ला आशाफेनबुर्गला वारला. माइन्ट्सच्या कॅथिड्रलमध्ये त्याचं दफन झालं.

रोमच्या देण्याचा प्रश्न तसाच राहिला. 1504 ते 1514 या दहा वर्षांत माइन्ट्सचे तीन आर्चबिशप वारले आणि दर वेळी नव्याने पैसे मोजावे लागले. 1514 मध्ये निवडून आलेल्या ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेश्टने फुगर पेढीकडून 29,000 गुल्डन कर्ज काढलं, आणि ते फेडण्यासाठी पापक्षमापत्रांच्या विक्रीतला अर्धा हिस्सा लावून घेतला. त्यातून 1517 साली ल्यूथरचं बंड उभं राहिलं, हे सर्वज्ञात आहे.

बेर्गश्ट्रासेचं गहाण आणखी लांबलं. पॅलेटिनेटने ते सोडलं नाही, माइन्ट्सला फेडणं जमलं नाही, आणि तिथली प्रजा मध्यंतरी धन्याप्रमाणे प्रोटेस्टंट झाली. तीस वर्षांच्या युद्धात माइन्ट्सने मुलूख ताब्यात घेतला, तरी कागदावर हिशेब बाकीच होता. शेवटी 1648 च्या वेस्टफेलियाच्या तहात, स्वीडन आणि सम्राटाच्या मोठमोठ्या कलमांमध्ये, एक कलम या गहाणासाठी घालावं लागलं: मूळ गहाण रक्कम चुकती करून माइन्ट्सने बेर्गश्ट्रासे परत घ्यावी. 1650 मध्ये व्यवहार पुरा झाला. तोवर डीटरला जाऊन 168 वर्षं झाली होती.